जिनात उघडलेला दवाखाना

"न्यूमोनिया," डॉक्टर म्हणाले. कानांतून स्टेथोस्कोप काढत त्यांनी समजावलं, "फुप्फुसांना सूज येऊन त्यांत पाणी भरतं. ओठ निळे पडलेत, त्याला सायनोसिस म्हणतात. अंगाला हवा पुरत नाही. परवा का नाही आणलं?"

ते माझ्या थोरल्या बहिणीबद्दल, अक्काबद्दल बोलत होते. आम्ही धरणगावच्या एका कापसाच्या जिनात होतो. मोठी लढाई संपत आली होती आणि इन्फ्लुएंझाची साथ, आमच्याकडची मानमोडी, घरोघर शिरली होती. नेहमीचा दवाखाना पुरेना, म्हणून सरकी काढायची यंत्रं थांबवून त्या पत्र्याच्या शेडमध्ये तात्पुरता दवाखाना उघडला होता. खाली गोणपाट, त्यावर रोगी, दोघांमध्ये वीतभर जागा.

परवा का नाही आणलं, याचं उत्तर मला ठाऊक होतं. डॉक्टरांना ते सांगायची माझी छाती झाली नाही. इथं सांगतो, कारण उद्या तुमच्या गावात साथ आली तर निदान तुम्ही तरी असला शहाणपणा करू नका.

या दवाखान्याची एक बैलगाडी औषधं घेऊन खेडोपाडी फिरायची. आमच्या घरी आधी आई पडली, मग अक्का. गाडीबरोबरचा कंपाउंडर ज्या घरात आजारी माणूस असेल त्या घराच्या भिंतीवर गेरूचा पट्टा ओढायचा. पट्टा दिसला की पुढच्या फेरीला गाडी थांबायची आणि दुखणं जास्त असलेल्या रोग्याला उचलून जिनात न्यायची. आमच्या भिंतीवरही पट्टा आला.

पण दिवाळी चार दिवसांवर होती. आई अंथरुणातूनच ओरडली, "लक्ष्मी येनार शे, नी भीत अशी लाल ठेवशी का? पोतारी टाक."

तापलेल्या आईचं मन कशाला मोडा, म्हणून मी पांढऱ्या मातीचा पोतारा घेतला आणि भिंत स्वच्छ करून टाकली. खरं सांगतो, मलाही तो पट्टा नकोच होता. लोक आमच्या दाराकडे बघत जायचे, ते मला सोसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर असताना गाडी आली आणि आमचं घर ओलांडून निघून गेली. शेजारच्या काकूंनी सांगितल्यावर मी शिवेपर्यंत पळालो, पण गाडी दिसली नाही. आमच्याकडे बैल नव्हते, आणि ज्यांच्याकडे होते ते सगळे अंथरुणाला खिळलेले. गाडी मिळवण्यात दोन दिवस गेले. आईला काकूंच्या हवाली करून मी अक्काला घेऊन निघालो.

जिनात औषध म्हणजे क्विनाइन आणि खोकल्याचं मिक्श्चर. "याहून माझ्याकडे काही नाही," डॉक्टर म्हणाले. "पाठीला पोतं देऊन बसती ठेवा. गरम पाणी घोटघोट पाजा." मी तेच करत राहिलो. वाशांना गेल्या हंगामाचा कापूस चिकटलेला होता. वारा आला की त्याची धूळ खाली यायची आणि सगळी शेड एकदम खोकायला लागायची. मला रागाने रडू यायचं. राग डॉक्टरांवर काढत होतो मी, मनातल्या मनात. दिवसातून दोनदाच येतात, नुसता हात बघून पुढे जातात. त्या एकट्या माणसामागे किती रोगी होते, ते मी कशाला मोजतोय!

तिसऱ्या दिवशी सकाळी अक्काने डोळे उघडले. "मायजोडे कोन शे? तू घर जाय," आईजवळ कोण आहे या काळजीने एवढंच म्हणाली. मी गेलो नाही. दुपारी तिचा श्वास थांबला, तेव्हा तिच्या पाठीचं पोतं मी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो.

तिला अग्नी देऊन तिचं पांघरूण न्यायला परत आलो, तर तिच्या गोणपाटावर डॉक्टर निजले होते. उभ्याउभ्या कोसळले, असं कंपाउंडर म्हणाला आणि दुसऱ्या रोग्याकडे धावला. डॉक्टरांना पाणी पाजायलाही कुणी मोकळं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांच्या उशाशी बसलो आणि तांब्या घेतला.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. मला ओळखलं.

"बहीण कशी आहे?"

"बरी शे, साहेब," मी म्हटलं.

"छान," ते म्हणाले, आणि पाण्यासाठी तोंड उघडलं.