इंग्लंडचा झेंडा, मिरजेची शिस्त

इंग्लंडवर निरपेक्ष प्रेम करणारा माणूस अख्ख्या इंग्लंडात एकच आहे, आणि तो मिरजेचा आहे. बाकीचे लोक फुटबॉलचा वर्ल्ड कप नाहीतर युरो सुरू झाला की महिनाभर प्रेम करतात, आणि पेनल्टी हुकली की पुढची स्पर्धा येईपर्यंत शिव्या घालतात. आमच्या घरमालकांचं तसं नाही. त्यांनी या टीमकडे कधी काही मागितलं नाही, टीमनेही त्यांना कधी काही दिलं नाही, त्यामुळे दोघांचं उत्तम जमलं आहे. कॉव्हेंट्रीत त्यांच्या घराच्या माळ्यावरच्या खोलीत मी काही वर्षं भाड्याने राहिले. आता मी भाडेकरूंच्या हक्कांसाठी भांडणारी बाई. घरमालक या जमातीविरुद्ध मी जेवढी पत्रकं काढली तेवढ्या कुणी लग्नपत्रिका छापल्या नसतील, आणि नेमका मलाच असा घरमालक मिळावा की ज्याच्याविरुद्ध एक ओळ लिहायची सोय नाही! खिडकी वाजते म्हणून तक्रार करावी, तर हे संध्याकाळी स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन दारात हजर. माझं प्रत्येक पत्रक मात्र ते मन लावून वाचायचे. हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते ते, आता रिटायर झालेले. चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "पुढारीणबाई, मी जन्मभर माणसं झोपवली. पण औषधाशिवाय, नुसत्या कागदावर, हे मला कधी जमलं नाही हो."

मला झेंडे आवडत नाहीत. कुणाचेच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. झेंडा लावायला अक्कल लागत नाही आणि हॉस्पिटलातली रांग कमी करायला लागते, म्हणून सगळे झेंडाच लावतात, असं माझं छापील मत आहे. त्यामुळे त्यांच्या घरातल्या माझ्या पहिल्या उन्हाळ्यात, इंग्लंडच्या पहिल्या मॅचच्या सकाळी मी खाली आले आणि बाहेरचं दृश्य बघून चहाचा कप घेऊनच दाराशी धावले. काका, म्हणजे हेच घरमालक, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि पांढरे कॅनव्हासचे बूट घालून पुढच्या एवढ्याशा बागेत उभे. वरच्या खिडकीला पडद्याचा जुना दांडा बांधलेला, त्याला कप्पी, कप्पीतून दोरी आणि दोरीच्या टोकाला गाठोडं. काकू पेढ्यांची ताटली घेऊन पायरीवर. कुंपणापलीकडे शेजारचा डंकन हाताची घडी घालून उभा. डंकन म्हणजे स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा, रिटायर्ड बस ड्रायव्हर, आणि इंग्लंडच्या टीमचा जन्मजात वैरी. मला वाटलं कुणीतरी गेलं. तेवढ्यात काका ओरडले, "सावधान!" आणि डंकनने, ज्याला मराठीचा एक शब्द कळत नाही, टाचा जुळवल्या. काकांनी दोरी ओढली. काही झालं नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत पंधरा ऑगस्टला जे होतं तेच झालं, गाठ अडकली. काकूंनी डोळे मिटले. दुसऱ्या हिसक्याला गाठ सुटली, पांढऱ्यावर तांबडा क्रॉस असलेला सुपरमार्केटमधला झेंडा फडकला, आणि त्यात बांधलेल्या गुलाबाच्या पाकळ्या सगळ्या डंकनच्या टकलावर पडल्या. पोस्टमनला पेढा मिळाला. लग्न कुणाचं, असं त्याने विचारलं.

मिरजेच्या शाळेत झेंडा चढवायचं आणि उतरवायचं काम काकांकडे असे. तेव्हा जे नियम अंगात भिनले ते त्यांनी जसेच्या तसे या परक्या कापडाला लावून टाकले. झेंडा जमिनीला टेकता कामा नये. फाटला तर लावता कामा नये. अंगावर शाल म्हणून पांघरणाऱ्याला ते भर रस्त्यात थांबवायचे आणि "बाळ, तो तुझा टॉवेल नाही," असं त्यांच्या त्या मऊ इंग्रजीत सांगायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सूर्यास्ताला झेंडा उतरलाच पाहिजे. आता मिरजेत सूर्य संध्याकाळी मावळतो. इथे जूनमध्ये साडेनऊ वाजले तरी तो काही हलायचं नाव घेत नाही, आणि काका म्हणजे नऊ वाजता झोपणारा माणूस. ते खुर्चीत पेंगत, मान छातीवर टाकून, सूर्याची वाट बघत बसायचे. मी एकदा म्हटलं, "काका, भारतातसुद्धा आता रात्री झेंडा ठेवायला परवानगी आहे. नियम बदललाय." ते पेंगतच म्हणाले, "नियम बदलला असेल. सूर्य बदललेला नाही." मग उठून, झेंडा उतरवून, काकूंच्या मदतीने चौघडी करून तो देवघराशेजारच्या फळीवर ठेवायचे. "या झेंड्याचं एक बरं आहे," असंही मला म्हणाले, "कसाही लावा, उलटा होत नाही. आमच्या हेडमास्तरांचं अर्धं ब्लडप्रेशर वाचलं असतं."

डंकनचा धर्म साधा होता, इंग्लंडसमोर जो येईल तो आपला. त्यासाठी तो दर मॅचला नवा झेंडा आणायचा. या बुधवारी डेन्मार्क, पुढच्या रविवारी स्लोव्हाकिया. मागवलेला झेंडा घडीच्या सुरकुत्यांसकट यायचा आणि डंकन तो तसाच खिडकीत खोचायचा. काकांना ते बघवायचं नाही. कुंपणावरून हात पुढे करून म्हणायचे, "दे इकडे." मग आमच्या स्वयंपाकघरात शत्रुराष्ट्राला इस्त्री व्हायची. वर सूर्यास्ताला डंकनचं दार वाजवून, "जर्मनी उतरव, वेळ झाली," असा हुकूम. डंकन कुरकुरायचा, पण उतरवायचा. मी म्हटलं, "काका, तुम्ही विरुद्ध पार्टीच्या प्रचारात राबताय." तर म्हणाले, "शत्रूचा झाला तरी झेंडा आहे. आणि डंकन झाला तरी शेजारी आहे."

मॅच बघण्याची त्यांची रीत ऑपरेशन थिएटरची. आरडाओरडा नाही, खाणं नाही, मोबाइल बाहेर. पेनल्टी सुरू झाल्या की बोटाला ऑक्सिमीटर लावायचे आणि मधूनमधून स्वतःचे ठोके आम्हाला वाचून दाखवायचे. काकू म्हणायच्या, "अहो, मॅच बघताय की पेशंट?" डंकनने एकदा काकूंना विचारलं होतं की तुमच्यात देवाला पाण्यात ठेवून नवस बोलतात म्हणे, मग इंग्लंडसाठी का नाही ठेवत? काकू म्हणाल्या, "या टीमसाठी ठेवले तर बाहेर कधी काढायचे?" खरी गंमत पुढेच. इंग्लंडचा खेळाडू पेनल्टीला उभा राहिला की काका टीव्हीकडे झुकून, ज्या आवाजाने त्यांनी हजारो माणसांना गुंगी आणली त्याच आवाजात पुटपुटायचे, "शांत. मोठा श्वास घे. दहापासून उलटे आकडे मोज." आणि तो खेळाडू चेंडू थेट गोलकीपरच्या हातात नेऊन द्यायचा, अगदी झोपेत चालल्यासारखा. इंग्लंडच्या पराभवांचं एकमेव शास्त्रीय कारण आमच्या दिवाणखान्यात बसलेलं आहे, असं डंकनचं ठाम मत आहे. तो म्हणतो, राणीने यांना एखादं पदक द्यायला हवं होतं, स्कॉटलंडच्या राणीने.

"आणि क्रिकेटमध्ये?" मी अर्थातच विचारलं. न विचारता राहीन तर मी कसली कार्यकर्ती? काका जराही न अडखळता म्हणाले, "क्रिकेटमध्ये भारत. फुटबॉलमध्ये भारत वर्ल्ड कपला आला की बघू. तोवर मी कुणाशी बेइमानी केलेली नाही."

हे सगळं असंच चाललं असतं. पण एका शरद ऋतूत, कुठलीही स्पर्धा नसताना, आमच्या रस्त्यावर एका रात्रीत इंग्लंडचेच झेंडे आले. दिव्याच्या प्रत्येक खांबावर एक, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेला. ते फुटबॉलसाठी नव्हते. कुणासाठी होते ते आम्हाला बरोबर कळलं, कारण त्याच आठवड्यात बसस्टॉपवर एका इसमाने काकूंना "घरी जा" म्हणून सांगितलं. काकू घरीच चालल्या होत्या, हातात कोथिंबीर घेऊन. तेव्हापासून त्यांचं संध्याकाळचं फिरणं बंद झालं. आणि एक दिवस भांडी लावता लावता काकांना म्हणाल्या, "पुढच्या वेळी आपला झेंडा नको. बघणाऱ्याला वाटेल आपण त्यांच्यातले, नाहीतर वाटेल आपण त्यांना भ्यालो. मला दोन्ही नको." झेंडा फळीवरून काकूंच्या कपाटात, पैठणीखाली, डांबरगोळ्यांच्या वासात गेला. मी काकूंच्या बाजूने होते, आणि तसं मोठ्याने सांगितलंही.

मी पत्रक लिहिलं. जळजळीत होतं. काकांनी ते वाचलं आणि म्हणाले, "भाषा ठीक. पण पहिला मुद्दाच राहिला. झेंडे फाटलेत." मी कपाळावर हात मारला. त्या शनिवारी दुपारी, वादळ होऊन गेल्यावर, चिप्सच्या दुकानासमोरचा एक झेंडा एका पट्टीला लोंबकळत गटारात लोळत होता. काका स्वयंपाकघरातली शिडी आणि कात्री घेऊन निघाले. शिडी धरायला मी. ते वर चढले आणि एक पांढरी व्हॅन करकचून थांबली. पँटवर रंगाचे डाग असलेला एक दांडगा माणूस उतरला. "ए! आमच्या झेंड्याला हात लावायचं काम नाही!" माझ्या डोक्यात सात घोषणा तयार झाल्या आणि तोंडातून एकही निघाली नाही. काकांनी वरून बघितलं आणि त्या गुंगी आणणाऱ्या आवाजात म्हणाले, "बरं झालं आलात. हे टोक धरा. खाली टेकू देऊ नका."

त्याने धरलं. का धरलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्या आवाजापुढे कुणाचंच काही चालत नाही. काका खाली उतरले, दोघांनी मिळून घडी घातली, निम्मी, मग परत निम्मी. काकांनी घडी त्याच्या हातावर ठेवली. तो म्हणाला, "मी नवा लावणार आहे."

"लावा," काका म्हणाले. "पण रोज संध्याकाळी काढायला याल ना?"

"रोज?"

"रोज. अंधारात ठेवत नाहीत."

त्याने रस्ताभरच्या खांबांकडे एकदा बघितलं. "एवढा वेळ कुणाला आहे?"

"मग तो तुमचा कसा?" काकांनी विचारलं. अगदी मनापासून विचारलं, टोमणा म्हणून नाही.

तो व्हॅनमध्ये बसून गेला. त्याचं हृदयपरिवर्तन वगैरे झालं नाही, तसलं काही मी लिहिणार नाही. पुढच्या आठवड्यात त्या खांबावर नवा झेंडा आला आणि तो काढायला कुणी आलं नाही. घरी आल्यावर मात्र काकांनी चहाच्या कपात तीनदा साखर घातली. काकूंनी तो काढून घेतला आणि म्हणाल्या, "कुणी सांगितलं होतं?"

पुढची स्पर्धा आली. इंग्लंडच्या पहिल्या मॅचची सकाळ. खिडकीवरचा दांडा रिकामा. काका स्वेटर घालून पेपर वाचत बसले होते, पान उलटत नव्हते. दार वाजलं. डंकन. हातात विरुद्ध टीमचा झेंडा, सुरकुत्यांसकट. तो इस्त्रीसाठी आला असेल असं मला वाटलं. तो दारातच उभा राहून काकूंना म्हणाला, "हा मला लावता येत नाहीये. समोर कुणीच नाही. मी कुणाविरुद्ध लावू?" त्या म्हाताऱ्याचा चेहरा असा झाला होता की जणू स्कॉटलंडच हरलंय.

काकूंनी त्याला आत घेतलं. मग मराठीत, आम्हाला सगळ्यांनाच उद्देशून, म्हणाल्या, "त्या बसस्टॉपवरच्या मेल्याने माझं फिरणं नेलं. हेही त्यालाच देऊन टाकायचं?" आणि कपाट उघडलं. "अहो, बूट घाला ते पांढरे. आणि तू, पुढारीण, बघत काय बसलीस? गुलाब तोड. डंकन, यू सिट. टी." त्या सकाळी गाठ पहिल्याच हिसक्याला सुटली आणि रस्ताभर डांबरगोळ्यांचा वास पसरला. त्या दिवशी सूर्य मावळल्यावर काकूही काकांबरोबर बाहेर आल्या. झेंड्याची घडी घातली, आणि मग दोघं कोपऱ्यापर्यंत चालून आले.

आता मी नॉटिंगहॅमला असते. इथला घरमालक अगदी पत्रकात शोभेल असा आहे. झेंड्यांबद्दलचं माझं मत तेच आहे, हवं तर छापील पाठवते. माझ्या खिडकीसमोर कुणीतरी गेल्या हिवाळ्यात अडकवलेला एक आहे, पावसाने तांबड्याचा गुलाबी झालाय, त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण स्पर्धा सुरू झाल्या की रोज तिन्हीसांजेला माझा मोबाइल एकदा वाजतो. काकांचा मेसेज, एकच शब्द. "उतरवला." मग मी पडदा ओढते. काकांचा खांदा आता वर जात नाही, दोरी काकू ओढतात, हे मला माहीत आहे. म्हणून परवा इथे ढगांनी लवकर अंधारलं आणि तरी मेसेज आला नाही तेव्हा जीव थाऱ्यावर राहीना, आणि मी फोन लावला. काकूंनी उचलला. मागे डंकन काहीतरी बडबडत होता, काका त्याला गप्प करत होते.

"काकू, सगळं ठीक ना? अजून मेसेज नाही आला."

"थांब गं जरा," काकू म्हणाल्या. "इकडे अजून उजेड आहे."