रीत : खुद्द

"तुजं खुरपं दे इकडं."

मालकांनी मागितलं आणि मी दिलं. पण हातात घेतलं नाही त्यांनी. आधी बांधावर ठेवायला लावलं. खिशातून सॅनिटायझरची बाटली काढून मुठीवर फवारलं, पुसलं, पुन्हा फवारलं. मग झेंडूत उभे राहिले. पायांत बूट, हातात माझं खुरपं. तलाठी भाऊसाहेबांनी मोबाईल वर धरला.

"तू हो की बाजूला. फोटोत येतीस."

मी झाले बाजूला. त्याची लाज आजही वाटते.

झेंडू आमचा होता. जमीन मालकांची, ते राहतात पुण्याला. आम्ही नवराबायको ती अर्ध्या वाट्याने करायचो. बी-खत निम्मंनिम्मं, माल निम्मानिम्मा, राबणं मात्र सगळं आमचं. कागद कसला? दर पाडव्याला त्यांच्या गावातल्या घराच्या ओसरीवर दोन पंचांसमोर बोली व्हायची. गुळाचा खडा तोंडात टाकला की वर्षाचा शब्द पक्का. कागद केला तर आमचं कूळ म्हणून नाव लागेल, ही मालकांची धास्ती. आणि आम्ही खुळे, गुळावर विश्वास ठेवायचो.

लॉकडाऊन लागला तेव्हा फुलं ऐन तोडणीला आलेली. लग्नं बंद, देवळं बंद, नगरचा बाजार बंद. फुलं झाडावरच काळी पडली. त्या वासात मी रोज जाऊन बसायचे आणि रडायचे. मालकांनी एक फोन केला नाही. सरकारी मदतीचे पंचनामे निघाले म्हटल्यावर मात्र पास काढून, गाडी घेऊन हजर.

मदत आली ती सात-बारावर नाव असलेल्या मालकांना. मी त्यांच्या पायरीखाली जाऊन उभी राहिले. करोनाचं अंतर, म्हणाले. आमच्यापासूनचं त्यांचं अंतर करोनाच्या कितीतरी आधीचं. आम्हाला पाणी ते कायम वरूनच ओतायचे.

"मालक, नुकसान निम्मं आमचं झालं. मंग मदतबी निम्मी आमची न्हाई का?"

ते ओसरीवर बसलेल्या पंचांकडे बघून हसले. "मदत शेतकऱ्याला हाय. ही कदीपास्नं शेतकरी झाली?"

पंचही हसले. आमच्यासोबत गूळ खाल्लेले पंच!

"भाकर द्या गं हिला. त्वांड बंद हुईल."

शिळी भाकरी वरून पदरात पडली. मी घेतली. घरात पीठ नव्हतं. लेकीने ती खाल्ली आणि मला तिच्याकडे बघवेना.

मी सातवी शिकलेय. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांकडून उतारा मागून घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. पीक झेंडू. कसण्याची रीत : खुद्द. म्हणजे मालक स्वतः कसतात. ज्याला झेंडूचं रोप आणि गवत वेगळं ओळखता येत नाही, तो खुद्द. दरसाल तेच लिहिलेलं. आम्ही गूळ चघळत होतो आणि तिकडे आम्ही नव्हतोच.

पुढच्या पाडव्याला पुन्हा ओसरी, पुन्हा गूळ. नवऱ्याचा हात पुढे गेला. मी त्याचं मनगट धरलं.

"आदी लिवून द्या."

"काय?"

"आमी कसतो, ह्ये."

"तुमच्यासारकी छप्पन मिळतील."

मिळाली. त्याच दुपारी तो गूळ माझ्या चुलत दिराने खाल्ला. नवरा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

आता मी दुसऱ्यांच्या कांद्यात मजुरीला जाते. तहसीलला अर्ज दिलाय की ती जमीन इतकी वर्षं आम्ही कसली, चौकशी करा. साक्षीला कुणी येत नाही. न येवो. मजुरी बुडवून तारखेला मी एकटी जाते. अर्ज फेटाळला तर दुसरा देईन. तोंडी शब्दावर आता कुणाच्याही रानात एक दाणा टाकणार नाही, उपाशी मेले तरी.

परवा तिथल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "धंदा?"

"शेती."

त्याने लिहिलं, मजुरी.

"खोडा ते," मी म्हणाले, आणि खोडेपर्यंत टेबलासमोरून हलले नाही.