घोरपड आणि आमचं ग्रिल

कामोठ्यात आमचा तळमजल्याचा फ्लॅट. एका दुपारी दोन हात लांब घोरपड खिडकीच्या ग्रिलमधून आत शिरली. सोसायटीतले लोक घरात घुसले आणि तिला हाकलायला थाळ्या बडवायला लागले. घोरपड घाबरली की अंग फुगवते. आली त्याच गजांत आता ती मावेना. नुसती फुसफुसत राहिली.

मी ओरडले, "आधी गप्प बसा सगळे!" त्या घरात पहिल्यांदाच माझं कुणी ऐकलं. तिचं फुगलेलं अंग हळूहळू ओसरलं आणि ती गजांतून सरकन निघून गेली.

संध्याकाळी नवऱ्याने ग्रिलला बारीक जाळी ठोकून घेतली. "आता टेन्शन नाही. आत काही येणार नाही."

"आणि बाहेर जायचं झालं तर?"

तो हसला. "तुला कुठे जायचंय?"