सुमनच्या वॉर्डातली एकुलती एक पेशंट

तुमच्या लक्षात नाही ना? वाटलंच मला.

सकाळपासून आपल्या ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं येतायत, ट्रॅफिकच्या तक्रारी येतायत. सुमनचं नाव एकानेही काढलेलं नाही. तुमच्यातल्या निम्म्यांना तिनेच इंजेक्शनं टोचलीत. निदान टोचलेली जागा तरी आठवत असेल.

आज सुमनला जाऊन वर्ष झालं.

मी तिची थोरली जाऊ. मला लिहिता येत नाही. मी सांगतेय आणि तिची नात रेवा टाइप करतेय. मधेमधे ती नाक ओढतेय. ते पोस्टमध्ये येणार नाही, म्हणून सांगून ठेवते.

सुमन सरकारी हॉस्पिटलात नर्स होती. मल्लेश्वरमच्या घरून बसने ड्यूटीला जायची. घरी आली की आधी थेट न्हाणीघरात. प्रकाश, तिचा मुलगा, बाहेर उभा राहून दार बडवायचा.

"थांब रे, आजार धुऊन येते," ती आतून सांगायची.

पुढे रेवा झाली. तिची वेणी सुमन बँडेजसारखी आवळायची.

"आजी, डोळे वर जातायत."

"जाऊ देत. जरा वरचं दिसेल."

तिची एक सवय मला कधीच कळली नाही. वॉर्डातलं शेवटचं माणूस जेवल्याशिवाय ती स्वतःचा डबा उघडायची नाही. कन्नड असो, मराठी असो, तमिळ असो, प्रत्येक खाटेपाशी जाऊन एकच प्रश्न, "ऊट आय्ता?" जेवलात का? घरात कुणाला ताप आला तरी तेच. आधी आजारी माणूस, मग ती.

मी विचारलं होतं एकदा, असं का?

"आधी मी जेवले की हात जड होतो, अक्का. सुई नीट बसत नाही."

आता पोटाचा आणि सुईचा काय संबंध? अजून विचार करतेय.

रिटायर झाली आणि काही वर्षांनी तिचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गल्ली, मग आम्ही. वॉर्ड मात्र विसरली नाही. समोर ताट आलं की विचारायची, "पेशंटचं झालं?"

प्रकाश सांगायचा, "आई, हे घर आहे. इथे पेशंट नाहीत."

मग ती तोंड घट्ट मिटून घ्यायची. पेशंट उपाशी ठेवून जेवायला सांगतो म्हणजे काय हा माणूस!

अंगावरचं मांस उतरलं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. रेवा रडायला लागली. जन्मभर दुसऱ्यांना नळ्या घातल्या तिने. ती स्वतःची ठेवणार होती होय? पहिल्याच दिवशी उपटून फेकली असती.

त्या दुपारी मी हॉलमधल्या दिवाणावर जाऊन आडवी झाले आणि कण्हायला लागले.

सुमन उठली. पदर खोचला.

"काय होतंय आजी?"

"पोटात गोळा आलाय सिस्टर."

"कुणी आणलं तुम्हाला?"

"नवऱ्याने."

"कुठाय तो?"

"बाहेर बिडी ओढतोय."

"सगळ्यांचे तेच," सुमन म्हणाली.

माझ्या नवऱ्याने आयुष्यात बिडीला हात लावला नव्हता, आणि जाऊनही त्याला बरीच वर्षं झाली होती. पण मऊ भात आला. वरण, बिनतिखटाचं. तिने लहान लहान घास केले, मला भरवले, पदराने तोंड पुसलं. मग टेबलाशी जाऊन निमूट जेवली. सगळं ताट.

प्रकाश स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

तेव्हापासून मी रोजची पेशंट.

पण रोज नवा आजार आणायचा कुठून? एकदा शहाणपणा करून रेवाने शिकवलेलं म्हणाले, अपेंडिक्स.

"मग तोंडाने काही नाही," सुमन म्हणाली. "ऑपरेशन आहे." ताटं आत पाठवून दिली.

झालं. आता मीही उपाशी आणि तीही. दुपार टळली तरी हलेना. शेवटी रेवा प्रकाशचा पांढरा शर्ट घालून आली आणि म्हणाली, "सिस्टर, ऑपरेशन कॅन्सल. पेशंटला जेवू द्या."

"सरी डॉक्टर." बरं, डॉक्टर.

तेव्हापासून मी पोटातला गोळा सोडला नाही.

मग एक दिवस मला खरंच ताप भरला. मी नेहमीसारखी पडले, नेहमीसारखी कण्हले. सुमनने कपाळावर हात ठेवला. उचलला, परत ठेवला.

"अक्का," ती म्हणाली, "आज खरं आहे."

कितीतरी महिन्यांनी अक्का म्हणाली होती.

माझं तोंड कडू झालेलं. तरी मी घास गिळत होते, कारण मी थांबले तर तीही थांबणार. ती बघत होती. अर्ध्या वाटीवर तिने माझा हात खाली केला.

"पुरे. मी जेवते. तू झोप."

आणि जेवली. दुसऱ्या दिवशी परत मी आजी आणि ती सिस्टर.

आज खरं आहे म्हणजे काय? बाकीच्या दिवशी तिला कळत होतं? कळत होतं तर भरवत का होती? मला बरं वाटावं म्हणून ती जेवत होती की काय? विचारावंसं फार वाटलं. विचारलं नाही. विचारल्यावर तिने जेवणच टाकलं असतं तर?

नळी शेवटपर्यंत लागली नाही. दुपारची जेवली, आडवी झाली, आणि झोपेतच गेली.

सुमन, तुझी आठवण येते. रेवा, एवढंच लिही, जास्त सजवू नकोस.

आणि आज आमच्याकडे डबा पाठवणाऱ्यांनो, मऊ भात पाठवू नका. तो आता माझ्या घशाखाली उतरत नाही. झुणका पाठवा, लसूण ठेचून घातलेला, आणि तिखटाला हात आखडू नका.