मुलींच्या दरवाज्यावरचा चुना

आधी तिचं सांगते, मग बाकीचं. आमची लालबागची शाळा आज उभी आहे आणि माझ्या हातून शेवटी एक काम नीट झालं, ते वरळीच्या बीडीडी चाळीत राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीमुळे. चौथीपासून सातवीपर्यंत आम्ही एकाच बसकरपट्टीवर बसायचो. नाव लिहिलं तर ती चिडेल, म्हणून लिहीत नाही.

मी लग्न झाल्यापासून भिलाईला आहे. गेली कित्येक वर्षं मराठीत लिहिलं ते फक्त किराण्याच्या यादीत. दोन वर्षांपूर्वी तिचा फोन आला तेव्हा मी आधी गॅस बंद केला. मुंबईहून फोन म्हणजे कोणीतरी गेलं, एवढंच मला माहीत.

"ए, जिवंत आहेस ना? मग ऐक. आपली शाळा पाडायचं चाललंय."

मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार?

"बरं काय? हेरिटेजमध्ये घातली तर वाचेल, असं तिथल्या बाई म्हणतात."

"हेरिटेज म्हणजे गं?"

"म्हणजे म्हातारी झाली तरी घराबाहेर काढायची नाही, असा सरकारी कागद. आपल्याला कोणी देत नाही, निदान शाळेला तरी देतील."

अडचण अशी होती की शाळा किती जुनी, याला पुरावा नव्हता. जुने कागद कधीतरी वाळवीने खाल्ले होते. कुठल्याशा दाराशी कोनशिला होती असं म्हातारी माणसं सांगत, पण सगळ्या भिंती गिलाव्याने आणि रंगाने एकसारख्या झालेल्या. नुसत्या आठवणीवर अख्खी भिंत उकरायची परवानगी मिळेना. नेमकी जागा कोणीतरी लेखी सांगायला हवी होती.

"मी त्यांना म्हटलं, दगड आहे, आम्हीच झाकला. पण मी मागे नळावर चुना कालवत होते गं. कुठे लिंपलास ते तुलाच ठाऊक. लिहून पाठव."

मी म्हटलं, "माझं कोण ऐकणार? मी सातवी नापास."

"नापास पण नाहीस तू. नापास व्हायला परीक्षेला बसावं लागतं."

ती हसली. मी फोन ठेवला आणि चार दिवस काहीच लिहिलं नाही. एक भीती अशी की सरकारी दगड झाकला म्हणून आता या वयात कोणी विचारायला येईल. मुलगा म्हणाला, आई, असं काही नसतं. दुसरी भीती मी त्याला सांगितली नाही.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. परळ-लालबागला रोज मोर्चा, नाहीतर हरताळ. पोरं इंग्रजी पाट्या शोधून शोधून डांबर फासत, दगडाची असेल तर फोडत. आमच्या शाळेला दोन दरवाजे होते, एक मुलांचा, एक मुलींचा. मुलींच्या दरवाज्याशी संगमरवरी कोनशिला होती. तिच्यावर इंग्रजीत कुणा साहेबाचं नाव आणि खाली साल. हरताळामुळे शाळा बंद होती, पण मोठ्या गुरुजींनी आम्हा दोघींना बोलावून घेतलं. मी जवळच राहायची आणि ती आदल्या दिवसापासून परळला मावशीकडे अडकून पडली होती.

गुरुजी म्हणाले, "ही शाळेची जन्मपत्रिका आहे पोरींनो. साहेबाचं नाव जाऊ दे, पण साल जाता कामा नये. चार दिवस झाकून टाकू. निवळलं की पाण्याने पुसून काढू."

भिंतींना सफेदी करायला आणलेला चुना मागे पडला होता. गुरुजींच्या मनात नुसता एक हात फिरवायचा होता. पण माझे आजोबा कोकणात गवंडी. त्यांच्या हाताखाली मी चुना मळलेला, त्यात वाळू किती, गुळाचं पाणी किती, सगळं बघितलेलं. मी म्हटलं, गूळ हवा, त्याने चुना घट्ट धरतो. ती धावत जाऊन मावशीच्या डब्यातून खडा घेऊन आली. तात्पुरतं करायचं होतं हे मला कळत होतं, पण तात्पुरतं कसं करतात ते मला कोणी शिकवलंच नव्हतं. तिने मागे कालवून द्यायचं, मी पुढे लिंपायचं. आडवा हात, मग उभा, मग ओल्या फडक्याने घोटायचं. कोरडा संगमरवर चुना धरत नाही, म्हणून आधी दगडाला गुळाचंच पाणी पाजलं. गुरुजी बघत राहिले. "अगं, एवढं कशाला?" म्हणाले.

वडील त्या सकाळी मोर्च्याला गेले होते.

दुपार कलताना वडिलांच्या गिरणीतले, त्यांच्याच खात्यातले एक काका फाटकाशी आले. ते माझ्याशी बोलले नाहीत, गुरुजींना बाजूला घेऊन बोलले. पण फाटक ते दरवाजा, अंतर केवढं? गोळीबार झाला. गेला. पोरीला घरी पाठवा. एवढं मला स्वच्छ ऐकू आलं.

तीही मागून बादली घेऊन येत होती, तिनेही ऐकलं. बादली ठेवून म्हणाली, "चल. घरी चल."

मी म्हटलं, "खालचा कोपरा राहिलाय."

"राहू दे ना तो!"

"आता सोडला तर सांधा दिसेल."

आणि मी तो कोपरा पूर्ण केला. ती शेजारी उभी राहिली. गुरुजी तोंड फिरवून उभे राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. फडका पिळला, घोटला, सांधा मिळाला की नाही ते मान वाकडी करून बघितलं. मिळाला होता. रडू आलं नाही. काही म्हणजे काहीच आलं नाही.

मग तिने मला नळावर नेलं आणि माझे हात धुतले. नखांतला चुना काडीने काढला. "आईने विचारलं तर सांग, मी शाळेत झोपले होते, आत्ता उठवलं," म्हणाली. माझ्याबरोबर आमच्या खोलीपर्यंत आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. तिच्या घरच्यांना आमच्याकडे आत घेत नसत. लिहायला लाज वाटते, पण तेव्हा होतं ते. आत बायका रडत होत्या, ती बाहेर गॅलरीत दिवे लागेपर्यंत उभी होती.

महिन्याभरात आई आम्हाला घेऊन गावी गेली. माझी शाळा तिथेच संपली. गुरुजींनी नंतर चुना काढून बघितला म्हणे, निघेना. जोर केला तर दगड फुटेल म्हणून त्यांनी तसाच ठेवला, मग त्यांची बदली झाली. पुढे रंगावर रंग चढले.

माझी दुसरी भीती ही होती. जागा लिहिली की विचारणार, बाई, तुम्हाला इतकं नेमकं कसं आठवतं? मग सांगावं लागणार, बाप गेल्याचं ऐकूनही ही मुलगी भिंत घोटत होती. आईला हे मरेपर्यंत कळलं नाही. नवऱ्यालाही सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी लिहिलं. मुलींच्या दरवाज्याच्या डाव्या अंगाला, जमिनीपासून माझ्या तेव्हाच्या खांद्याइतका वर, लांबी लिहायच्या दोन पाट्यांएवढी. खालचा उजवा कोपरा इतरांपेक्षा जाड लागेल. एवढंच लिहिलं, सही केली. पोचलं की नाही म्हणून पोस्टात दोनदा जाऊन आले.

सुनावणीला ती गेली. गुडघे गेलेत, जिन्याला दोन्ही हातांनी कठडा धरते, तरी गेली. माझा कागद तिने वाचून दाखवला. अपेक्षेप्रमाणे साहेबांनी विचारलंच, एवढी वर्षं झाली, तर त्या बाईंना कोपऱ्याची जाडीसुद्धा आठवते?

ती म्हणाली, "साहेब, तिच्या घरी त्या दिवशी मयत झाली. असा दिवस माणूस विसरत नाही. आता उकरता का आम्ही उकरू?"

लोक हसले म्हणे. पुढे कोणी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

दगड तिथेच निघाला. अक्षरं शाबूत होती, त्यांत चुना भरून बसला होता, त्यामुळे गिरण्यांच्या धुराने तेव्हाच काळ्या पडलेल्या दगडावर पांढरी दिसत होती. साल वाचता आलं. दोन महिन्यांनी शाळेला हेरिटेजचा दर्जा मिळाला. तिने फोनवर ओरडून सांगितलं, "वाचली गं आपली म्हातारी!" मी "बरं झालं" म्हटलं आणि कुकर लावला. आनंद व्हायला हवा होता. होईल कधीतरी. मला सगळं उशिरा कळतं.

तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. सोबतीला कोणी नाही म्हणून ऑपरेशन पुढे ढकलत असते. चाळ पाडून नवी इमारत होणार, तर आधी सामान हलवू, मग डोळा बघू म्हणते. मी तिला अजून सांगितलेलं नाही, इथेच लिहिते. ती तारीख घेईल तेव्हा मी भिलाईहून निघेन. महिनाभर तिच्या घरी राहीन, तिच्या चुलीवरचं खाईन, डोळ्यात थेंब वेळेवर घालीन. तिने माझ्यासाठी जे केलं ते यात फिटणार नाही, मला ठाऊक आहे. पण एवढं मी करीन.