कोरम पुरा झाला तो रविवार

मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीची वार्षिक सभा दर वर्षी दोनदा भरते. ठरल्या वेळी कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, कधीच होत नाही. मग अध्यक्ष सभा अर्धा तास तहकूब करतात आणि ती त्याच खुर्च्यांवर, आहेत तेवढ्या माणसांत पुन्हा सुरू होते. दुसऱ्या खेपेला कोरमची अट नसते. त्यामुळे सगळे अर्धा तास उशिराच येतात. दिल्लीच्या थंडीत, रविवारी सकाळी रजईतून लवकर कोण निघणार!

त्या वर्षी सभेपुढे लिफ्टचा ठराव होता. आम्ही चौथ्या मजल्यावर आणि आईचे गुडघे पार गेलेले. लिफ्ट झाली नाही तर घर विकून नोएडात कुठेतरी तळमजला बघायचा, असं आम्ही ठरवलं होतं. आम्ही म्हणजे मी. आई त्यावर अवाक्षर काढत नव्हती, आणि ती गप्प बसली की मला धडकी भरते. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहून, पोटाला चिमटा काढून तिनं आणि बाबांनी हे घर घेतलं होतं. बाबांनंतर सभासद तीच. मत तिचं, आणि ते तिनंच खाली येऊन द्यायचं.

जिन्यावर वेळ मोडणार म्हणून आम्ही लवकर निघालो. बसत, उठत, कठड्याला धरून ती एकदाची पार्कात पोचली. बघते तर तळमजल्यावरचे आणि पहिल्या मजल्यावरचे झाडून सगळे हजर! लिफ्टमुळे त्यांच्या खोल्यांतला उजेड जाणार होता, म्हणून त्यांचा विरोध. वरच्या मजल्यांवरचं एकही माणूस नव्हतं. आईनं हजेरीची सही केली आणि अध्यक्ष म्हणाले, "कोरम पूरा हो गया. मीटिंग शुरू करते हैं."

वरचे यायच्या आत मतदान झालं तर ठराव पडणार. आईच्याच सहीनं कोरम पुरा झाला होता! मी बाजूला जाऊन वरच्यांना भराभर फोन लावायला लागले.

सेक्रेटरी सवयीनं म्हणाले, "पिछली मीटिंग के मिनट्स पढ़े हुए मान लेते हैं."

"नहीं जी," आई म्हणाली, "पढ़िए. मैं पिछली बार आ नहीं पाई थी."

"आंटीजी, बहुत लंबा है."

"मुझे कौन सी बस पकड़नी है?"

आमचे अध्यक्ष फौजेतून निवृत्त झालेले, नियमाचे पक्के. त्यांनी मान डोलावली आणि सेक्रेटरी वाचू लागले. पाण्याची टाकी, पार्किंग, भटकी कुत्री. मध्येच आई हात वर करी, "ज़रा टंकी वाला फिर से." समोरच्या खुर्च्या करकरू लागल्या. तोवर जिन्यांतून शाली, मफलर, एकाच्या अर्ध्या गालावर दाढीचा साबण, अशी आमची फौज उतरू लागली. ठराव मंजूर झाला.

नव्या समितीची निवड निघाली तेव्हा कुणीतरी आईचं नाव सुचवलं. ती म्हणाली, "आऊँगी. लेकिन लिफ्ट बनने तक मीटिंग मेरे घर होगी." सगळे हसले आणि ती निवडून आली.

पहिल्या बैठकीला तळमजल्यावरचे एक गृहस्थ धापा टाकत आमच्या दारात उभे राहिले. ठरावाला सगळ्यात मोठ्या आवाजात विरोध त्यांचाच होता, आणि समितीत तेही निवडून आले होते. आईनं पाणी दिलं. खुर्चीत बसून त्यांनी ते एका दमात संपवलं. मग रुमालानं मान पुसत म्हणाले, "भाभीजी, उस दिन आप इतनी सीढ़ियाँ उतरकर आई थीं?"

चहाचा ट्रे हातात घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारातच थांबले.

"उतरी भी और चढ़ी भी," आई म्हणाली. "अब बताइए, काम कब शुरू करें?"