चारच्या फ्रेंच बातम्या

परवा घराला रंग काढताना खिडकीमागून केबलची जुनी काळी वायर निघाली आणि डोंबिवलीतली ती दुपार आठवली. दुसऱ्या दिवशी माझी फ्रेंचची तोंडी परीक्षा होती. केबलवाल्याला मी विनवलेलं, ‘दादा, चारला अर्धा तास फ्रेंच बातम्या लावाल?’ तो ‘लावतो की’ म्हणाला. पण त्यासाठी तो त्याच्या चॅनलवरचा दुपारचा सिनेमाच बंद करेल हे मला कुठे ठाऊक! बरोबर चारला, नायिका विषाचा पेला ओठांशी नेत असताना, अख्ख्या बिल्डिंगच्या टीव्हीवर एक फ्रेंच बाई बोलू लागली. ‘कोणी केलं हे?’ गॅलऱ्यांतून आरडाओरडा सुरू झाला. मी आवाज बारीक केला, तोच शेजारच्या काकू तरातरा आत आल्या. ‘तुझ्याकडेपण हेच का गं?’ मी फ्रेंचच्या वहीवर बसले आणि नुसती मान डोलावली. तेवढ्यात फोन वाजला. काकूंनीच उचलला. पलीकडचा केबलवाला मलाही ऐकू आला, ‘ताई, तुमच्या बातम्या नीट दिसतायत ना?’ काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग खालून डोकावणाऱ्या वहीकडे. ‘दिसतायत,’ त्या म्हणाल्या, ‘साडेचारपर्यंत राहू दे.’ पुढे फ्रेंच शिकवण्यावरच माझं घर चाललं. तो सिनेमा परत लागलाच नाही; त्या नायिकेनं विष घेतलं की नाही, ते मात्र काकूंना शेवटपर्यंत कळलं नाही.